नवी हार्ड डिस्क बसवली, पण संगणक सुरू होत नाही : व्यापाऱ्यांनी काय करावे?

कापडाच्या धंद्यात आज असे दुकान क्वचितच सापडेल, जेथे हिसाब अजूनही फक्त लाल वहीत लिहिला जातो. बिले, जीएसटीची विवरणपत्रे, ई-वे बिले, उधारीची यादी, सगळे संगणकात असते. वहीला वाळवी लागते, पाणी लागते, हे आपल्या वडिलांना माहीत होते, म्हणून ते वही जपून तिजोरीत ठेवीत. संगणकातील हार्ड डिस्कलाही वय असते आणि ती एक ना एक दिवस बंद पडणार आहे, हे मात्र आपण लक्षात घेत नाही. ती बंद पडू लागली की घाईघाईने नवी डिस्क आणली जाते, जुन्या डिस्कवरील सगळ्या फायली नव्या डिस्कवर कॉपी केल्या जातात, जुनी डिस्क काढली जाते आणि बटण दाबल्यावर काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येते: बूट करता येईल अशी डिस्क सापडली नाही.

फायली तर सगळ्या आल्या, मग संगणक सुरू का होत नाही? हा प्रश्न अनेक व्यापारी बंधूंनी मला विचारला आहे आणि एकेकाळी मीही तो विचारला होता. मी संगणकाचा इंजिनियर नाही, कापडाचा व्यापारी आहे. परंतु या बाबतीत एकदा ठेच लागल्यामुळे हा विषय नीट समजून घेतला. जे समजले ते येथे सोप्या भाषेत मांडत आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण सगळ्या लेखाचे सार तीच आहे. संगणक सुरू न होणे आणि हिसाब नष्ट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली म्हणजे दुसरी झालीच असे नाही. परंतु पहिली झाल्यावर घाबरून आपण चुकीचा हुकूम दिला, तर दुसरी आपल्याच हाताने घडते.

मला काय अनुभव आला

२०१९ सालची गोष्ट. वर्षाच्या सुरुवातीला माझ्या दुकानातील संगणक फार मंद झाला होता. एका तरुण मेकॅनिकने नवी एसएसडी, म्हणजे चकती नसलेली वेगवान डिस्क, बसवून दिली आणि तीवर नवीन विंडोज टाकले. जुनी डिस्कही आत जोडलेलीच ठेवली. तो म्हणाला, "चाचा, जुनी राहू द्या, कधी काही लागले तर मिळेल." हिसाबाचे सगळे फोल्डर नव्या डिस्कवर आले. तीन-चार महिने काम छान चालले.

रमजान सुरू होण्यास दोन आठवडे होते. ईदच्या मालाची गर्दी होती. जुनी डिस्क टकटक आवाज करू लागली. आता तिच्यात कामाचे काही नाही, असे समजून मी ती काढून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरूच होईना. पहिला मेकॅनिक गावात नव्हता. दुसऱ्याला बोलावले. त्याने पाच मिनिटे पाहिले आणि सांगितले, "विंडोज उडाले आहे, फॉरमॅट करावे लागेल." मी होकार देणारच होतो.

त्याच वेळी एक छोटा मागवाला दुकानात आला. त्याला आपले खाते चुकते करायचे होते. मी त्याला किती रक्कम येणे आहे हे सांगू शकलो नाही. त्याने खिशातून आपली छोटी डायरी काढली आणि म्हणाला, "भाई, माझ्या हिशेबाने एवढे होतात," आणि तेवढे पैसे मोजून दिले. मी पावती दिली, पण मनाला बरे वाटले नाही. ज्याची वही मोठी, त्यालाच हिसाब सांगता येऊ नये!

संध्याकाळी पुण्यात शिकणाऱ्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामू, फॉरमॅट मुळीच करू देऊ नका. डिस्क आहे तशी ठेवा, मी रविवारी येतो." रविवारी तो आला आणि त्याने पाहिले, तर नव्या डिस्कवर विंडोज शाबूत, हिसाब शाबूत. फक्त संगणकाला सुरू करणारा छोटासा भाग जुन्या डिस्कवर होता आणि ती डिस्क मी काढली होती. अर्ध्या तासात संगणक सुरू झाला.

हिसाब उघडल्यावर त्या मागवाल्याचे खाते पाहिले. त्याने दोन तागे परत पाठविले होते, त्याची रक्कम त्याच्या खात्यावर जमा होती आणि तो स्वतः ते विसरला होता. म्हणजे त्याने जास्त पैसे दिले होते. ते मी परत केले. पण विचार करा, त्या दिवशी मी फॉरमॅटला हो म्हटले असते, तर त्याचा हक्क कायमचा बुडाला असता आणि ते मला कळलेही नसते. आपला हिसाब केवळ आपल्या वसुलीसाठी नसतो. त्यात दुसऱ्याचेही हक्क लिहिलेले असतात. कुरआन शरीफमधील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. लिहिणे जसे जबाबदारीचे, तसेच लिहिलेले सांभाळणेही जबाबदारीचे आहे.

बूट म्हणजे काय?

समजा, आपण दुकान एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात हलविले. सगळी थाने, गल्ला, गादी, काटा नव्या गाळ्यात आले. पण शटरची किल्ली जुन्या गाळ्यातच राहिली. सकाळी गुमास्ता येईल आणि बाहेरच उभा राहील. माल आत आहे, फक्त दार उघडत नाही.

संगणकाचेही असेच आहे. बटण दाबल्यावर प्रथम मदरबोर्डवरील एक छोटा प्रोग्राम जागा होतो. जुन्या संगणकात त्याला बायोस म्हणतात, नव्या संगणकात यूईएफआय. त्याला विंडोजची काहीही माहिती नसते. तो डिस्कवर एका ठराविक जागी पाहतो. तेथे किल्ली मिळाली, तर ती किल्ली विंडोज सुरू करते. मिळाली नाही, तर डिस्कवर लाखो फायली असल्या तरी तो म्हणतो, मला काही सापडले नाही.

ज्यांनी १९९० च्या दशकात डॉसवर काम केले आहे, त्यांना आठवत असेल. नवी डिस्क बसवली की एफडिस्कने पार्टिशन करून ते अ‍ॅक्टिव्ह करावे लागे आणि मग फॉरमॅट सी कोलन स्लॅश एस, किंवा सिस सी कोलन, हा आदेश द्यावा लागे. नुसते कॉपी करून भागत नसे, कारण आयओ डॉट सिस आणि एमएसडॉस डॉट सिस या दोन फायली लपलेल्या असत आणि डिस्कच्या बूट सेक्टरमध्येही मजकूर लिहावा लागे. आज तीस वर्षांनंतर साधने बदलली, पण नियम तोच आहे. फायली कॉपी केल्याने माल येतो, किल्ली येत नाही.

किल्ली ठेवण्याच्या दोन पद्धती

पहिली पद्धत जुनी, तिला एमबीआर म्हणतात. डिस्कचा अगदी पहिला सेक्टर ५१२ बाइटचा असतो. त्यातील ४४६ बाइटमध्ये सुरू करण्याचा प्रोग्राम, ६४ बाइटमध्ये चार पार्टिशनांची यादी आणि शेवटच्या २ बाइटमध्ये खूण असते. चारपैकी जे पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह म्हणून ठरविले असेल, त्यातून विंडोज सुरू होते. नेहमीच्या डिस्कवर या पद्धतीत २ टेराबाइटपर्यंतचीच जागा वापरता येते.

दुसरी पद्धत नवी, तिला जीपीटी म्हणतात. यात ईएफआय सिस्टीम पार्टिशन नावाचा छोटा भाग असतो. विंडोज साधारणपणे तो १०० मेगाबाइटच्या आसपास बनविते आणि तो फॅट ३२ या प्रकारात फॉरमॅट केलेला असतो. एरवी आपल्याला तो दिसत नाही, कारण त्याला सी, डी असे अक्षर दिलेले नसते. किल्ली त्याच्यात असते. म्हणूनच सी ड्राइव्हवरील सगळे काही कॉपी केले, तरी हा भाग मागे राहून जातो.

आपला संगणक कोणत्या पद्धतीने चालतो हे डिस्क बदलण्याआधी पाहून ठेवावे. विंडोजच्या शोधपट्टीत एमएसइन्फो३२ टाइप केल्यास एक तक्ता उघडतो. त्यात बायोस मोड या ओळीसमोर यूईएफआय लिहिले असेल, तर जीपीटी पद्धत. लेगसी लिहिले असेल, तर जुनी पद्धत. ही ओळ कागदावर लिहून ठेवावी. माझ्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्यांना पडद्यावरील इंग्रजी संदेश पटकन उमगत नाहीत. त्यावर उपाय एकच, मोबाइलने पडद्याचा फोटो काढून ठेवणे. मेकॅनिकला तोंडी सांगण्यापेक्षा फोटो दाखविणे केव्हाही चांगले.

डिस्क विकत घेण्यापूर्वी

पहिली गोष्ट मापाची. आपण जाणतोच की ५०० वाराचे कापड मीटरने मोजले, तर ४५७ मीटरच भरते. कापड कमी झालेले नसते, मोजपट्टी बदललेली असते. डिस्कचेही तसेच आहे. कंपनी ५०० जीबी लिहिते आणि विंडोज तीच डिस्क ४६५ जीबी दाखविते. यात फसवणूक नाही. परंतु जुनी डिस्क ५०० जीबीची असताना नवी एसएसडी ४८० जीबीची घेतली, तर मात्र ती खरोखरच लहान आहे. संपूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल करणारे काही प्रोग्राम अशा वेळी नकार देतात. म्हणून नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी घ्यावी.

दुसरी गोष्ट जोडणीची. जुन्या संगणकात साटा केबलची डिस्क लागते. नव्या लॅपटॉपमध्ये एम डॉट २ प्रकारची पट्टी लागते आणि तिच्यातही साटा व एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. बाहेरून ते सारखेच दिसतात, पण एक दुसऱ्याच्या जागी चालेलच असे नाही. जुन्या मदरबोर्डवर एनव्हीएमई डिस्क बसली तरी तिच्यावरून संगणक सुरू होत नाही, असेही घडते. दुकानात जाताना मदरबोर्डचा किंवा लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक घेऊन जावा. माल पक्क्या बिलाने घ्यावा. फार स्वस्त मिळणाऱ्या डिस्कवर लिहिलेली जागा खोटी असू शकते.

तिसरी गोष्ट विंडोजची. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला यूईएफआय पद्धत आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. त्यामुळे डिस्क बदलतानाच पुढचा विचार करावा. काही मेकॅनिक चोरीचे विंडोज फुकटात टाकून देतात. आपण कोणाचा तागा चोरून आणून विकणार नाही, मग चोरीच्या मालावर आपला हिसाब का ठेवावा? त्यात व्हायरसचा धोका आहे तो वेगळाच. आपल्याकडे खरा परवाना असेल, तर केवळ डिस्क बदलल्याने तो सहसा जात नाही, कारण तो मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असतो.

सर्वांत आधी हिसाब बाहेर काढा

जुनी डिस्क अजून चालत असेल, तर बूटचा विचार नंतर. प्रथम हिसाबाची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर काढावी. पुढील गोष्टी बहुधा विसरल्या जातात:

१. हिसाबाच्या प्रोग्रामचा डेटा. टॅली असो की दुसरा कोणताही प्रोग्राम, त्याच्या आतूनच बॅकअप घ्यावा आणि शिवाय डेटाचे फोल्डरही कॉपी करावे.

२. डेस्कटॉप आणि डाउनलोड या दोन जागी पडलेल्या एक्सेल फायली, जीएसटीच्या उतरवून घेतलेल्या फायली, मालाच्या नमुन्यांचे फोटो.

३. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. ते वहीत लिहून वही तिजोरीत ठेवावी.

४. हिसाबाच्या प्रोग्रामचा परवाना क्रमांक आणि त्याला जोडलेला ई-मेल. डिस्क बदलल्यावर परवाना पुन्हा सुरू करावा लागू शकतो.

५. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क कुलूपबंद असते, त्याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधीच शोधून लिहून ठेवावी. ती नसेल, तर हिसाब डिस्कवर असूनही कोणालाच वाचता येणार नाही.

डिस्क टकटक आवाज करीत असेल किंवा मधूनमधून गायब होत असेल, तर तिच्यावर चेकडिस्क चालवू नये, ती पुन्हापुन्हा बंद-चालूही करू नये. संगणक बंद करून डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडेच न्यावी. प्रत्येक प्रयत्नाने तिचे उरलेले आयुष्य कमी होते.

पहिला मार्ग : संपूर्ण नक्कल

जुनी डिस्क ठीक चालत असेल, तर हा मार्ग सर्वांत सोपा. यात फायली नव्हे, तर संपूर्ण डिस्क, किल्लीसह, नव्या डिस्कवर उतरविली जाते. याला क्लोन म्हणतात. क्लोनझिला नावाचा तैवानमध्ये तयार झालेला मोफत प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून चालतो. अनेक डिस्क कंपन्याही आपल्या डिस्कसाठी असा प्रोग्राम देतात.

क्लोन करताना कोणती डिस्क मूळ आणि कोणती नवी, हे दोनदा नव्हे, तीनदा तपासावे. उलटे झाले, तर रिकाम्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर उतरेल आणि सगळा हिसाब पुसला जाईल. डिस्कचे नाव आणि क्षमता वाचून खात्री करावी.

काम झाल्यावर संगणक बंद करावा, जुनी डिस्क काढावी आणि फक्त नवी जोडून सुरू करावा. दोन्ही एकत्र जोडून सुरू करू नये. नकलेमुळे दोन्ही डिस्कची ओळखखूण एकच झालेली असते, त्यामुळे विंडोज गोंधळते. नवी डिस्क आठवडाभर नीट चालेपर्यंत जुनी डिस्क तशीच सांभाळून ठेवावी.

दुसरा मार्ग : नव्याने विंडोज टाकणे

जुनी डिस्क बिघडली असेल, तर हा मार्ग. दुसऱ्या संगणकावर ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोजचा अधिकृत संच उतरवून घ्यावा. त्यानंतर एकच नियम पाळावा, जो माझ्या मेकॅनिकने पाळला नव्हता. विंडोज टाकताना संगणकात फक्त नवी डिस्क जोडलेली असावी. जुनी डिस्क जोडलेली असली, की विंडोज तिच्यावरील जुनी किल्लीच वापरते आणि नव्या डिस्कवर किल्ली बनवीतच नाही. काम चालते, पण जुनी डिस्क निघाली की दार बंद.

पेन ड्राइव्हही योग्य पद्धतीने सुरू करावा. बूटच्या यादीत तो दोनदा दिसत असेल, तर ज्याच्यापुढे यूईएफआय लिहिले आहे तोच निवडावा. विंडोज टाकून झाले, नवी डिस्क एकटीने सुरू होते याची खात्री झाली, मगच हिसाबाची प्रत तिच्यावर आणावी.

किल्लीच हरवली असेल तर

विंडोज व हिसाब नव्या डिस्कवर शाबूत आहे आणि फक्त किल्ली नाही, अशा वेळी फॉरमॅटची गरज नाही. शक्य असल्यास आधी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून हिसाबाची प्रत काढून घ्यावी. नंतर विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० ही बटणे एकत्र दाबावी. आदेश लिहिण्याची काळी खिडकी उघडते. काही लॅपटॉपवर सोबत एफएन बटणही दाबावे लागते. येथे मी आदेशांचे उच्चार देत आहे, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत व इंग्रजी आकड्यांत करावयाचे. हे काम जाणकार जवळ असतानाच करावे.

प्रथम डिस्कपार्ट. नंतर लिस्ट व्हॉल्यूम. यादीत विंडोजचे मोठे पार्टिशन ओळखून त्याचे अक्षर लिहून घ्यावे. या खिडकीत ते सी असेलच असे नाही. यादीत फॅट ३२ चे सुमारे १०० मेगाबाइटचे पार्टिशन दिसले आणि ते नव्या डिस्कवरचेच असेल, तर सिलेक्ट व्हॉल्यूम व त्याचा क्रमांक लिहून ते निवडावे आणि असाइन लेटर=एस असा आदेश देऊन त्याला एस हे अक्षर द्यावे.

तसे पार्टिशन नसेल आणि डिस्क जीपीटी असेल, तर विंडोजचे व्हॉल्यूम निवडून श्रिंक डिझायर्ड=३०० या आदेशाने ३०० मेगाबाइट जागा मोकळी करावी. मग क्रिएट पार्टिशन ईएफआय, मग फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२, मग असाइन लेटर=एस. फॉरमॅटचा आदेश देण्यापूर्वी लिस्ट पार्टिशन देऊन पाहावे. ज्याच्यासमोर तारकेची खूण आहे तेच निवडलेले असते आणि ते नवे छोटे पार्टिशनच असले पाहिजे. येथे चूक झाली, तर हिसाब जाईल.

एक्झिट लिहून डिस्कपार्टमधून बाहेर यावे आणि मुख्य आदेश द्यावा: बीसीडीबूट, जागा सोडून सी कोलन बॅकस्लॅश विंडोज, जागा सोडून स्लॅश एस, जागा सोडून एस कोलन, जागा सोडून स्लॅश एफ, जागा सोडून यूईएफआय. सीच्या जागी आपण लिहून घेतलेले अक्षर घालावे. बूटच्या फायली तयार झाल्या, असा संदेश येतो. किल्ली तयार झाली.

डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल, तर डिस्कपार्टमध्ये बूटचे पार्टिशन निवडून अ‍ॅक्टिव्ह हा आदेश द्यावा. नंतर वरीलच बीसीडीबूट आदेशात एसच्या जागी त्या पार्टिशनचे अक्षर आणि यूईएफआयच्या जागी बायोस लिहावे. शेवटी बूटरेक स्लॅश फिक्सएमबीआर दिल्यास पहिल्या सेक्टरमधील प्रोग्राम पुन्हा लिहिला जातो. पार्टिशनांच्या यादीला त्यामुळे धक्का लागत नाही.

तरीही सुरू होत नसेल तर

- संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून सेटिंगमध्ये जावे आणि बूटच्या क्रमात विंडोज बूट मॅनेजर किंवा नवी डिस्क पहिल्या जागी आहे का ते पाहावे. प्रत्येक कंपनीचे बटण वेगळे असू शकते.

- सेटिंगमध्ये डिस्कच दिसत नसेल, तर दोष बूटचा नाही. केबल ढिली आहे किंवा डिस्कच सदोष आहे. केबल बदलून पाहावी.

- डिस्क जीपीटी आणि सेटिंग लेगसी, किंवा याच्या उलट असेल, तरी दार उघडत नाही. दोघांची पद्धत एकच हवी.

- विंडोज सुरू होता होता निळा पडदा येऊन बूट डिव्हाइस उघडता येत नाही असा संदेश आला, तर साटाची पद्धत, म्हणजे एएचसीआय किंवा रेड, कोणी बदलली आहे का ते पाहून पूर्वीसारखी करावी.

- रोज सकाळी तारीख मागे जात असेल आणि बूटचा क्रम बदलत असेल, तर मदरबोर्डवरील छोटा सेल संपला आहे. बहुतेक संगणकांत तो सीआर२०३२ असतो, थोड्या पैशांत मिळतो. हा सेल संपल्याने बिलावरही चुकीची तारीख पडते, हे व्यापाऱ्याने विशेष लक्षात ठेवावे.

जुन्या डिस्कचे काय करावे?

जुनी डिस्क भंगारात देऊ नये. तिच्यात आपल्या ग्राहकांचे पत्ते, पॅन क्रमांक, बँकेचे तपशील असतात. ती लोकांची अमानत आहे. नुसते डिलीट केल्याने किंवा झटपट फॉरमॅट केल्याने ते पुसले जात नाहीत. चालू हार्ड डिस्क असेल, तर डिस्कपार्टमध्ये ती निवडून क्लीन ऑल हा आदेश प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितो. याला काही तास लागतात. एसएसडी असेल, तर तिच्या कंपनीच्या प्रोग्राममधील सुरक्षित पुसण्याची सोय वापरावी. डिस्क चालतच नसेल, तर ती फोडून टाकावी.

मात्र पुसण्याची घाई करू नये. जीएसटी कायद्यानुसार हिसाबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. जुन्या वर्षांचा हिसाब नव्या डिस्कवर खरोखर उघडतो आहे, हे एकेक वर्ष उघडून पाहिल्यावरच जुनी डिस्क पुसावी.

आजच करण्याजोगे काम

ऑगस्ट २०१९ मध्ये इचलकरंजी-सांगली भागात पूर आला, २६ जुलै २००५ रोजी मुंबई परिसरात आला. अशा वेळी संगणक आणि शेजारी ठेवलेला बॅकअप दोन्ही एकत्रच बुडतात. म्हणून हिसाबाच्या तीन प्रती असाव्यात. एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक दुकानाबाहेर, घरी किंवा इंटरनेटवरील साठ्यात. बाहेरची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी, कायम जोडून ठेवू नये.

आणि बॅकअप घेतला म्हणजे काम संपले असे नाही. तीन महिन्यांतून एकदा तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. न उघडणारा बॅकअप म्हणजे न वटणारा चेक. दरवर्षी जकातीचा हिसाब करताना आपण दुकानातील माल आणि येणे असलेली उधारी मोजतोच. त्याच दिवशी बॅकअपही तपासण्याची सवय लावून घेतली, तर कधी विसर पडणार नाही.

त्या मागवाल्याचा आणि माझा व्यवहार आजही चालू आहे. तो अजूनही छोटी डायरी बाळगतो. मीही आता दर जुम्माच्या आदल्या संध्याकाळी उधारीची यादी कागदावर छापून तिजोरीत ठेवतो. डिस्क पुन्हा एकदा बंद पडेल, तेव्हा कोणी दारात येऊन आपला हिसाब विचारला, तर इन्शाअल्लाह त्याला थांबावे लागणार नाही.